‘कोड करून मिळेल’: एका इमोबिलायझरच्या खरेदीत झालेली फसवणूक

माझ्याकडे २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर एस आहे. पोर्शे म्हटल्यावर भुवया उंचावणाऱ्यांना आधीच सांगतो की, इंग्लंडमध्ये या ९८६ क्रमांकाच्या पिढीतील जुनी गाडी एखाद्या वापरलेल्या साध्या कुटुंबगाडीच्या किमतीत मिळते; खर्च असतो तो तिला चालती ठेवण्याचा. २०२५ च्या फेब्रुवारीत लेस्टरला माझ्या घराच्या दारात ही गाडी बंद पडली आणि तिचा एक इलेक्ट्रॉनिक भाग विकत घेताना मी दोनदा फसलो. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर असल्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण ज्या पद्धतीने हे घडले ती पद्धत फक्त पोर्शेपुरती नाही, इमोबिलायझर (योग्य किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीरोधक यंत्रणा) असलेल्या कोणत्याही गाडीच्या मालकावर ती चालू शकते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

या गाडीचे कापडी छप्पर मागे जिथे दुमडून बसते, तिथे दोन्ही अंगांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी निचऱ्याच्या नळ्या आहेत. पानगळीत त्यांत कुजलेली पाने अडकली की पाणी आत, गालिच्याखाली उतरते. आणि इमोबिलायझर व अलार्म यांचे कंट्रोल युनिट ज्याने कोणी आसनाखाली, म्हणजे पाणी साचण्याच्या नेमक्या जागी, ठेवण्याचा निर्णय घेतला, त्याने बहुधा पोर्शेच्या गावचा, स्टुटगार्टचा, पाऊस कधी पाहिला नसावा. हा या गाडीचा जगजाहीर दोष आहे. रिमोटने दार उघडेनासे झाले, किल्लीने उघडून पाहिले तर इंजिन सुरू होईना, आणि गालिचा दाबला तेव्हा बोटांमधून पाणी वर आले.

युनिट मी स्वतःच काढले. कोणता कनेक्टर कुठला हे परत जोडताना चुकू नये म्हणून मोठ्या कनेक्टरशेजारी, खोक्याच्या कोपऱ्यावर, मुलीच्या नखरंगाचा एक लाल ठिपका दिला. आतल्या बोर्डावर हिरवट गंज चढला होता.

इथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी आहे. किल्लीतील ट्रान्सपाँडर (स्वतःची ओळख बिनतारी कळवणारी चिप), हे युनिट आणि इंजिनचा संगणक या तिघांची एकमेकांशी सांकेतिक क्रमांकांवरून ओळख पटलेली असते, आणि ती पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. युनिटच्या बाजूची ही ओळख बोर्डावरील आठ पायांच्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेली असते. त्यामुळे दुसऱ्या बॉक्स्टरमधील धडधाकट युनिट आणून बसवले, तरी गाडी ढिम्म हलत नाही. मग दोनच मार्ग उरतात: अधिकृत विक्रेत्याकडे मालकीचा पुरावा देऊन गाडीचे कोड मागवणे व त्यांच्या यंत्रावर नवे युनिट जुळवून घेणे, किंवा जुन्या चिपमधील माहिती वाचून ती नव्या युनिटमध्ये उतरवणे. पाण्याने बोर्ड गेला तरी चिप पुष्कळदा शाबूत असते. म्हणजे मेलेल्या युनिटमध्ये किमतीची वस्तू कोणती असेल, तर ती चिप. मला हे ठाऊक होते, आणि तरीही पुढचे घडले.

अधिकृत विक्रेत्याने सांगितलेला आकडा ऐकून मी वापरलेल्या भागांच्या जाहिराती चाळू लागलो. त्यांत एकाने ‘तपासलेले, चालू, तुमच्या गाडीसाठी कोड करून मिळेल’ असे लिहून ३२० पौंड किंमत लावली होती. माणूस फोनवर अत्यंत सभ्यपणे बोलला. निचऱ्याच्या नळ्या आधी साफ करा, नाहीतर हे युनिटही बुडेल, असा सल्ला त्याने आपण होऊन दिला, आणि माझा विश्वास बसला तो इथेच. कार्डाने पैसे दिल्यास ४ टक्के जादा पडतील, असे सांगून त्याने बँकेतून थेट हस्तांतर करायला लावले. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून ग्राहकाकडून असा कार्ड-अधिभार घेण्यास बंदी आहे. शिवाय १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. जेमतेम तेरा पौंड वाचवण्यासाठी हे संरक्षण मी स्वतःच्या हाताने सोडून दिले.

चार दिवसांनी युनिट आले, सोबत कोड लिहिलेला एक छापील कागदही आला. युनिट जोडले, काहीही झाले नाही. फोन केल्यावर तो जराही न गडबडता म्हणाला की तुमच्या गाडीत काहीतरी वेगळेपण दिसते, तेव्हा हे युनिट, तुमचे जुने युनिट आणि एक किल्ली असे तिन्ही पाठवा, म्हणजे मी चिप बदलून सगळे जुळवून देतो; या कामाचे १४० पौंड होतील. मी पैसे भरले आणि पार्सल पाठवले.

पुण्यात माझ्या वडिलांकडे प्रीमियर पद्मिनी होती आणि तिच्या सुट्या भागांसाठी आम्ही नाना पेठेत जात असू. गाडीतून काढलेला भाग फडक्यात गुंडाळून न्यायचा, काउंटरवर नव्याशेजारी ठेवून ताडून पाहायचा आणि परत पिशवीत घालायचा, हा त्यांचा शिरस्ता होता. दुकानदार ‘ठेवून जा, भंगारात टाकतो’ म्हणाला तरी जुना भाग ते कधीही सोडत नसत. पार्सलवर पत्ता लिहिताना मला ती पिशवी आठवली होती.

त्यानंतर आठवडाभर ‘काम चालू आहे’ असे निरोप येत राहिले आणि मग फोन लागेनासा झाला. तेव्हा कुठे मी आधी काढून ठेवलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली. त्याने पाठवलेल्या युनिटवरचे लेबल कोरे करकरीत होते, आणि त्याच्या कडेबाहेर जुन्या, किंचित मोठ्या लेबलाची फिकट चौकट दिसत होती. कनेक्टरच्या आत, पिनांच्या मुळाशी, वाळलेल्या गाळाची बारीक रेघ होती. म्हणजे माझ्या बुडालेल्या युनिटच्या बदल्यात त्याने कोणाचे तरी बुडालेलेच युनिट ब्रशने घासून, पुसून पाठवले होते. कागद तर त्याहून बोलका निघाला. पोर्शेच्या सतरा अक्षरी चासिस क्रमांकात सातवे, आठवे आणि बारावे स्थान मिळून गाडीचा प्रकार कळतो. बॉक्स्टरसाठी तिथे ९, ८ आणि ६ हवेत. त्या कागदावर छापलेल्या चासिस क्रमांकात ९, ९ आणि ६ होते, म्हणजे ते कोड पोर्शेच्याच ९११ या दुसऱ्या मॉडेलच्या, ९९६ क्रमांकाच्या पिढीतील, कुठल्यातरी गाडीचे होते. हा कागद दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. वाचायला दोन मिनिटेही लागली नसती.

बँकेचा अनुभव मुद्दाम नोंदवतो. हस्तांतराद्वारे झालेल्या फसवणुकीची भरपाई बँकांनी करावी, असा नियम ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. कमाल मर्यादा ८५,००० पौंडांची आहे आणि बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. मात्र विक्रेता खरा असून माल सदोष निघाला, तर तो दिवाणी वाद मानला जातो आणि या नियमात बसत नाही. माझ्या बँकेने पहिल्या उत्तरात हेच सांगितले: तुम्हाला वस्तू मिळाली, ती चालली नाही, तेव्हा विक्रेत्याशी बोला. त्याने रिकामे खोके न पाठवता खरेखुरे, पण मेलेले युनिट का पाठवले, हे मला त्या पत्रावरून समजले. काहीच पाठवले नसते तर तो चोर ठरला असता.

गाडीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. एका स्वतंत्र गॅरेजच्या कारागिराने सगळे ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘जुने युनिट कुठे आहे?’ ते असते तर चिप वाचून त्याने १५० पौंडांत काम केले असते. ते नसल्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडे लॉगबुक (गाडीचे नोंदणीपत्र) आणि ओळखपत्र नेऊन कोड मागवावे लागले. नवे युनिट, जुळवणी आणि वाहून नेण्याचे भाडे धरून १,३०० पौंडांच्या वर खर्च आला. गेलेल्या किल्लीची नोंदही आवर्जून रद्द करून घेतली, कारण तिच्यासोबत माझ्या घराचा पत्ताही एका अनोळखी माणसाकडे गेला होता. हा विचार मला पार्सल पाठवताना नव्हे, पोलिसांकडे तक्रार नोंदवताना सुचला.

मे महिन्यात, सवयीने जाहिराती चाळताना, वेगळ्या नावाने टाकलेली एक जाहिरात दिसली: बॉक्स्टरचे इमोबिलायझर युनिट, तपासलेले, चालू, कोड करून मिळेल. छायाचित्रात लेबल नवे होते आणि मोठ्या कनेक्टरशेजारी, खोक्याच्या कोपऱ्यावर, लाल ठिपका होता. त्या जाहिरातीचे चित्र, माझे जुने छायाचित्र, लेबलाची चौकट आणि चासिस क्रमांकाचा कागद असे सगळे जोडून मी बँकेकडे पुन्हा लेखी तक्रार केली. या वेळी त्यांनी ती फसवणूक म्हणून मान्य केली आणि एकूण ४६० पौंडांतील ३६० परत दिले. जाहिरात काढून टाकावी म्हणून त्या संकेतस्थळालाही कळवले. तिसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले तेव्हा जाहिरातीवर ‘विकले गेले’ अशी पट्टी लागलेली होती.