कोंजॅक, व्हूडू लिली की साधा सुरण : वासावरून ओळखताना

'व्हूडू लिली' या नावाने विकला जाणारा गड्डा दोन वेगळ्या वनस्पतींपैकी कोणाचाही असू शकतो. एक अमॉर्फोफॅलस कोंजॅक, ज्याच्या पिठापासून जपानमध्ये कोन्याकूच्या वड्या करतात. दुसरी आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळणारी सॉरोमॅटम व्हेनोसम. तिसरी शक्यता विक्रेता सांगत नाही. मी बरेच पैसे मोजून मागवलेला गड्डा मेअखेरीस फुलला, तेव्हा तो कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे किलोवर मिळणारा सुरण निघाला. तिन्ही अळूच्याच कुळातल्या असून तिन्हींचा फुलोरा बहुधा पान येण्याआधी वर येतो, त्यामुळे नेमक्या त्या दिवसांत पानावरून खात्री करून घेण्याची सोय नसते आणि नाकावर विसंबावे लागते.

नाक किती उपयोगी पडते, हे कोणत्या दोघांमध्ये निवड करायची आहे यावर अवलंबून आहे. कोंजॅक आणि सॉरोमॅटम यांच्यातला फरक वासावरून चांगला कळतो. कोंजॅकला सडक्या मांसाची दुर्गंधी येते, कारण त्याच्या वासात डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड ही गंधकयुक्त संयुगे असतात व कुजणाऱ्या मांसातूनही हीच बाहेर पडतात. सॉरोमॅटमच्या वासात इंडोल आणि स्कॅटोल असल्यामुळे तो शेणाकडे, किंबहुना विष्ठेकडे झुकतो. उन्हात राहिलेल्या मटणाच्या पिशवीचा वास आणि न झाडलेल्या गोठ्याचा वास ज्याने वेगवेगळा घेतला आहे, त्याची या दोहोंत सहसा गफलत होणार नाही.

मात्र वास घेण्याची वेळ चुकता कामा नये. फुलोऱ्याच्या मधल्या दांड्यावरची खालची मादी फुले परागासाठी तयार असतात तेव्हाच दुर्गंधी ऐन भरात असते. नर फुलांतून पराग सुटेपर्यंत ती बरीचशी ओसरलेली असते, आणि 'याला तर वासच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सॉरोमॅटममध्ये या वेळेला आणखी एक खूण जोडलेली आहे. महाछद, म्हणजे फुलोऱ्याला वेढणारे पानासारखे मोठे आवरण, उघडतो त्या दिवशी मधल्या दांड्याचा वरचा भाग तापू लागतो, दुपारच्या सुमारास भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 14 अंश सेल्सिअसपर्यंत अधिक गरम होतो आणि संध्याकाळी पुन्हा थंड पडतो. ही ऊब सॅलिसिलिक आम्लामुळे सुरू होते, हे 1987 मध्ये वनस्पतींचे संशोधक इल्या रास्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. नाक दाबून का होईना, त्या दुपारी दांड्याला बोट लावून पाहावे.

कोंजॅक की सुरण, या प्रश्नात मात्र नाक जवळजवळ निरुपयोगी आहे. सुरणाची दुर्गंधीही त्याच गंधकयुक्त संयुगांची असते आणि निळ्या-हिरव्या माश्या दोन्हींवर सारख्याच घोंगावतात. येथे डोळ्यांनी ठरवावे. कोंजॅकचा फुलोरा लांब, ठिपकेदार देठावर उंच उभा राहतो आणि त्याचा गडद जांभळा, निमुळता दांडा महाछदाच्या बराच वर जातो. सुरणाचा फुलोरा जमिनीलगत बसलेला असून त्याच्या मधोमध सुरकुतलेल्या अळंबीसारखा जाड, बसका गोळा असतो. पुढे पान आल्यावर देठावरून हात फिरवला तरी पुरे : सुरणाचा खरखरीत लागतो, कोंजॅकचा गुळगुळीत.

कोंजॅक आणि सुरण ज्यात मोडतात त्या अमॉर्फोफॅलस वंशातल्या सगळ्याच जाती नाक मुरडायला लावतात असे नाही. अमॉर्फोफॅलस हेमॅटोस्पॅडिक्सला पिकलेल्या केळ्याचा वास येतो, तर अमॉर्फोफॅलस इलेटसला चीजचा. हे दोन वास इतके वेगळे आहेत की वरच्या तिघांशी घोटाळा होण्याचा प्रश्नच येत नाही. अमॉर्फोफॅलस बल्बिफरसाठी वासाच्या वाटेला जाण्याचीही गरज नाही, कारण त्याच्या पानावर शिरा फुटतात तेथे लहान कंदिका धरतात.

फ्लॅटच्या बाल्कनीसाठी निवड करायची असेल, तर मी सॉरोमॅटम घेईन. त्याचा फुलोरा आटोपशीर असतो आणि कोरडा गड्डा मातीपाण्याविनाही फुलत असल्याने, महाछद उघडायच्या दिवशी तो उचलून गच्चीवर नेऊन ठेवता येतो. मोठ्या कुंडीतल्या कोंजॅकच्या बाबतीत हे जमत नाही, आणि त्या रात्री शेजाऱ्यांना मेलेला उंदीर शोधण्यापासून परावृत्त करणे अवघड जाते.