एकच फोटो, चार कामं: स्क्रीनची फाइल द्यायची की छपाईची?

पंचाहत्तरी असो, लग्न असो की वास्तुशांत, घरातला एकच फोटो चार ठिकाणी जातो: मोबाइलवरचं निमंत्रण, छापील पत्रिका, भिंतीवरची फ्रेम आणि हॉलच्या दारातला फ्लेक्स. मग प्रेसवाला विचारतो, "फाइल कशी आहे?" आपण म्हणतो, "एचडी आहे, तीन एमबीची." या उत्तरातून त्याला काहीच कळत नाही. एमबी हे फाइलचं वजन. तोच फोटो जेपीजीत कमी-जास्त दाबून सेव्ह केला की वजन बदलतं, पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं ते ठिपके, तेवढेच राहतात. सांगायचे ते पिक्सेल.

स्क्रीनची भूक लहान. फुल एचडी टीव्ही म्हणजे 1920 × 1080, जेमतेम वीस लाख पिक्सेल. मोबाइलवरच्या निमंत्रणाला 1080 ची रुंदी भरपूर झाली. फाइलवर 72 डीपीआय (इंचाला किती ठिपके, तो आकडा) लिहिलंय की 300, याने स्क्रीनवर काडीचाही फरक पडत नाही.

कागदावर मात्र तोच आकडा कामाला येतो. हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने टीव्हीभर दिसणारं फुल एचडी चित्र कागदावर 6.4 × 3.6 इंचांतच संपतं. 4 × 6 च्या फोटोला 1200 × 1800 लागतात, ए-4 ला 2480 × 3508. फोनचा 12 मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे 4000 × 3000, पत्रिकेला आणि ए-4 ला आरामात पुरतो. 12 × 18 च्या फ्रेमला तो इंचाला 222 वर येतो, पण फ्रेम कोणी नाकाशी धरून बघत नाही. चालतं.

चालत नाही ते मी आईच्या पंचाहत्तरीला केलं. फॅमिली ग्रुपवरून उतरवलेला फोटो तसाच 12 × 18 ला दिला. ग्रुपवर साधा टाकलेला फोटो वाटेत लहान होतो. माझ्याकडे आला तो लांब बाजूला 1600 पिक्सेलचा. भागिले 18, म्हणजे इंचाला 89. फोनवर झकास दिसत होता. फ्रेममध्ये नथीतले मोती एकमेकांत विरघळले आणि पैठणीच्या पदरावरचे मोर नुसते ठिपके झाले. मग मी शहाणपणा करून फोटोशॉपमध्ये आकडा 300 केला. त्याने आहे तेच पिक्सेल ताणले जातात, हरवलेले मोती परत येत नाहीत. शेवटी भाच्याच्या फोनमधला मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे लहान न होता, मागवला आणि फ्रेमचे पैसे दुसऱ्यांदा मोजले.

फ्लेक्सची गंमत उलटी. सगळ्यांत मोठा, म्हणून सगळ्यांत जास्त पिक्सेल, असं वाटतं. 10 फुटी फ्लेक्सवर 4000 पिक्सेल पसरले तर इंचाला 33 च येतात. पण 20 फुटांवरून डोळ्याला इंचात साधारण 15 च ठिपके वेगळे कळतात, त्यामुळे काही बिघडत नाही. अक्षरं मात्र फोटोतच चिकटवून देऊ नका. ती वेगळी, कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांचे आकार बनवून द्या. कडा स्वच्छ येतात आणि समोरच्या मशीनवर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं तुटत नाहीत.

तेव्हा फक्त स्टेटसला लावायचं असेल तर ग्रुपवरची फाइल पुरे, डोकं लढवू नका. छपाईची नुसती शक्यता जरी असली तरी मूळ फोटो मिळवा, आधी छपाईची प्रत बनवा आणि तिच्यातून मोबाइलची काढा. मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं करायला गेलं की मोर जातात.

राहिला रंग. स्क्रीनवर तो लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचा असतो, आरजीबी. कागदावर चार शाईंचा (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी), सीएमवायके. चकचकीत निळे, पोपटी, भडक केशरी शाईत उतरताना हमखास मंदावतात. आईची चिंतामणी पैठणी पत्रिकेवर मळकट निळी दिसली, आणि तिथे पिक्सेल पुरेपूर होते. दोनशे प्रती सोडण्याआधी एक छापून घ्या आणि दिवसाउजेडी खिडकीपाशी नेऊन बघा.