हवेच्या छोट्या होडीसाठी वीजमोटर: ट्रोलिंग मोटर की बॅटरीसह येणारा आउटबोर्ड?

अडीच-तीन मीटर लांबीच्या, हवा भरून फुगवायच्या होडीसाठी वीजमोटर घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती अश्वशक्ती?’ असा असतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. अशी होडी पाणी कापत चालते, पाण्यावर उचलली जाऊन घसरत नाही, त्यामुळे ताशी सात किलोमीटरच्या आसपास तिचा वेग अडतो. त्याच्या आतही वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळजवळ आठपट लागते. खरा निर्णय असतो तो बॅटरीचा, आणि तिचे वजन होडीत कुठे बसणार याचा.

पहिला पर्याय १२ व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरचा, म्हणजे मासेमारीच्या होडीला संथ चालवणाऱ्या आणि बॅटरी वेगळी जोडाव्या लागणाऱ्या मोटरचा. मिन कोटा कंपनीची ५५ पौंड रेट्याची (होडी ढकलण्याच्या जोराची) मोटर पूर्ण वेगावर सुमारे ५० अँपिअर, म्हणजे ६०० वॅट खेचते. तिला १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोडली तर निम्म्याहून अधिक उपसा केल्यास बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून हातात जेमतेम तासभर उरतो. शिवाय ते धूड २८ ते ३० किलोंचे. गाडीतून उतरवून शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ते एकट्याने पाण्यापर्यंत नेऊन पाहिले की पुढचा हिशोब आपोआप सुटतो. मागे मोटर, बॅटरी आणि चालवणारा असे तिघे एकत्र आले, तर नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि मागच्या फळीवरून लाटेचे पाणी आत येते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११-१२ किलोंची असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. ती पेटीत घालून, खाली रबरी चटई अंथरून, नाळेकडे पट्ट्याने बांधावी आणि तारा मागे आणाव्यात; मात्र बॅटरीलगत ६० अँपिअरचा ब्रेकर (प्रवाह वाढला की तोडणारा खटका) विसरू नये.

दुसरा पर्याय बॅटरीसह येणाऱ्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायच्या, जास्त ताकदीच्या मोटरचा. टॉर्किडो कंपनीच्या ट्रॅव्हल ११०३ मध्ये ११०० वॅटची मोटर आणि ९१५ वॅट-तासांची बॅटरी मिळून वजन साधारण १७ किलो भरते, आणि उरलेल्या चार्जमध्ये किती अंतर जाता येईल हे दांड्यावरच्या पडद्यावर दिसते. ईप्रोपल्शन कंपनीच्या स्पिरिट १.० प्लसची बॅटरी १२७६ वॅट-तासांची असून ती हातातून निसटली तरी पाण्यावर तरंगते. मोटर आणि बॅटरी वेगवेगळ्या उचलता येतात, ही सोय पाठीला कळते. किंमत मात्र ट्रोलिंग मोटरच्या कित्येक पटींनी जास्त, आणि पूर्ण वेगावर टॉर्किडोची बॅटरी ५० मिनिटांतच संपते. निम्म्या वेगावर तीच कित्येक तास पुरते.

धरणाच्या संथ जलाशयात, परवानगी असेल तिथे, गळ टाकत फिरणाऱ्याला मी ट्रोलिंग मोटर आणि लिथियम बॅटरीच सुचवेन. त्याहून जास्त खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. खाडीचे गणित वेगळे आहे. ताशी पाच किलोमीटर वेगाची होडी ताशी तीन किलोमीटरच्या ओहोटीवर चढवायची म्हटली, तर किनाऱ्याच्या हिशोबाने दोनच किलोमीटर पदरी पडतात, आणि उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत वारा समोरून असला तर तेही नाहीत. तिथे ११०० वॅटची जादा ताकद कामाला येते. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर असा बेत आखणाऱ्याचे काम ट्रोलिंग मोटरवरही भागेल, पण मग खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलेच मॉडेल घ्यावे, दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावे आणि जोडांवर हिरवी पूड धरते का ते पाहावे. पंख्यामागे गुंतलेला नायलॉनचा धागा दोन्ही प्रकारांत मोटरमध्ये पाणी शिरू न देणारे सील खराब करतो. वल्ही तर दोन्हींसोबत लागतातच.

परदेशातल्या नातेवाइकाकडून मोटर आणवण्याचा बेत असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विमानात प्रवासी सामानातून १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. ट्रोलिंग मोटर एकटी आली तरी इथल्या कोणत्याही योग्य क्षमतेच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालते. दुसऱ्या प्रकारात सहसा त्याच कंपनीची बॅटरी लागते, आणि ती इथे मिळेल याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.