पेटीतच सिंथ बसवायचा की शेजारी कीबोर्ड मांडायचा?

भजनात, सुगम संगीतात पेटी वाजवणाऱ्याला कधीतरी वाटतंच, की याच पट्ट्यांवरून व्हायोलिनचा भरणा निघाला तर काय बहार येईल! त्याला दोन वाटा आहेत. पट्ट्यांखाली सेन्सर लावून पेटीलाच मिडी करायची (मिडी म्हणजे कोणती पट्टी दाबली ते सिंथला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणाऱ्या यंत्राला, कळवणारी संदेशांची भाषा), नाहीतर पेटी आहे तशी ठेवून शेजारी छोटा मिडी कीबोर्ड घ्यायचा.

पहिल्या वाटेचं खरं सुख भात्यात आहे. पेटीची पट्टी जोरात दाबून सूर मोठा होत नाही, तो मोठा होतो भात्यावरच्या हाताने. आतल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर लावून ते माप मिडीच्या 11 क्रमांकाच्या एक्स्प्रेशन संदेशाला (0 ते 127) जोडलं, की भात्यासोबत व्हायोलिनही फुलतं आणि ओसरतं. कीबोर्डवर हेच काम बहुतेक वेळा पेडलवर येतं, आणि मांडी घालून बसणाऱ्याला पेडल म्हणजे अडचणच. रोलँडने 2004 मध्ये डिजिटल अकॉर्डियन आणला तेव्हा त्यातही भाता ठेवलाच होता.

सेन्सर मात्र जपून निवडा. साधे स्विच लावले तर पट्टी जड होते आणि हरकती अडखळतात. पट्टीला इवलंसं चुंबक आणि खाली हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) असला तर कशाचा कशाला स्पर्शच होत नाही, बोटांना फरक कळत नाही. तुमच्या पेटीला कपलर (एका पट्टीला दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी जोडणारी सोय) असेल तर ती जोडीची पट्टीही खाली जाते, म्हणजे मिडीला दोन सूर मिळतात. स्केलचेंजर पेटीत पट्ट्या सरकतात पण आतले पितळी सूर जागेवर राहतात, त्यामुळे पट्ट्या सरकवल्या की सिंथलाही तेवढंच ट्रान्सपोज करावं, म्हणजे वर-खाली सरकवावं लागतं. गाणं चालू असताना हे विसरलं तर गायकाची काय अवस्था होईल!

खरी अडचण सुरांची आहे आणि माझं मत तिथेच ठरतं. सिंथ मुळात समान अंतरांच्या 12 सुरांवर, पांढरी सहा 440 हर्ट्झला धरून लावलेला असतो. पांढरी एकचा षड्ज 261.6 हर्ट्झ धरला तर सिंथचा गंधार 329.6 वर येतो, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार 327 वर. पेटी या शुद्ध गंधाराला लावून घेतली असेल तर दोन्ही एकदम वाजताच सेकंदाला अडीचेक हेलकावे ऐकू येतात. सिंथमध्ये प्रत्येक सूर वेगळा लावायची सोय असेल तर हे मिटवता येतं, पण षड्ज बदलला की ते कोष्टकही बदलतं. शिवाय पितळी सूर हवामानाने थोडे हलतातच. शेजारच्या कीबोर्डलाही हीच अडचण आहे, फक्त तिथे तुम्ही दोन्ही एकदम वाजवायला बांधलेले नसता. पेटीचा तुकडा थांबवून मग व्हायोलिन आणता येतं.

म्हणून ख्याल किंवा नाट्यगीताच्या साथीची, कारागिराकडून मनाजोगी लावून घेतलेली पेटी असेल तर तिला भोक पाडू नका, कीबोर्डच घ्या. भजनात सतत भरणा हवा असेल आणि घरात एखादी साधी, कपलर नसलेली जुनी पेटी पडून असेल, तर ती जरूर मिडी करा. काम देण्याआधी पट्ट्या काढून परत बसवता येतात का ते बघून घ्या, आणि दाबाच्या सेन्सरची नळी जिथून जाईल ती फट कातड्याने किंवा रबराने बंद करायला सांगा. तिथून हवा गेली तर भाता दमवतो.