नागपूरच्या धंतोलीतलं दातांचं क्लिनिक: डॉक्टरला पाच स्टार, रिसेप्शनला दोन

आठ वर्षांच्या पोट्ट्याचा वरचा पुढचा दात सायकलवरून पडून तुटला, काही महिन्यांनी हिरडीवर पुवाचा फोड आला म्हणजे आतली नस मेलेली. या वयात मुळाचं टोक उघडंच असतं, भिंती पातळ, त्यामुळे मोठ्यांसारखं साधं रूट कॅनाल करून भागत नाही, दात पुढे मोडायची भीती राहते. डॉक्टर मॅडमनी रिजनरेटिव्ह ट्रीटमेंट सुचवली, म्हणजे मुळाच्या आत शरीराकडूनच नवा भाग वाढवून घ्यायचा प्रयत्न. नाव ऐकून मला वाटलं आता लेझर-बिझर निघते. तसलं काहीच नाही बाप्पा, अर्धं काम नुसतं धुण्याचं!

पण सगळी गोम त्या धुण्यातच आहे. पहिल्या वेळी जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराइट, तेही १.५ टक्क्याचंच, जास्त कडक घेतलं तर मुळाच्या टोकाजवळच्या स्टेम सेलनाच (नवा भाग बनवू शकणाऱ्या पेशींनाच) मार बसतो. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून काही आठवडे थांबायचं (तीन अँटिबायोटिकची पेस्टही असते, पण त्यातल्या मिनोसायक्लिनने दात काळपट पडतो, समोरचा दात म्हणून टाळली). दुसऱ्या वेळी १७ टक्के ईडीटीए नावाचं द्रावण. हे डेंटिनमधलं (दाताच्या आतल्या कडक थरातलं) कॅल्शियम थोडं ओढून घेतं अन दात बनताना आत अडकून बसलेले टीजीएफ-बीटासारखे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणारी प्रथिनं, मोकळे होतात, तेच मग स्टेम सेलना बोलावून कामाला लावतात. म्हणजे औषध दाताच्याच पोटातून काढायचं, भारीच ना! सुईला रबरी स्टॉपर, टोकाच्या जरा अलीकडे थांबलेली, अन २० मिली पाच मिनिटं हळूहळू सोडत होत्या, मधे फोन वाजत होता पण बघितलं पण नाही. अशी घाई न करणारी डॉक्टर मिळणं मुश्कील आहे राजा.

भुलीचं इंजेक्शनही ॲड्रेनलिन नसलेलं, कारण नंतर बारीक फाइल (सुईसारखं हत्यार) टोकाच्या किंचित पलीकडे नेऊन मुद्दाम रक्त आणायचं असतं, त्याच्यासोबत स्टेम सेल आत येतात, ॲड्रेनलिनने ते कमी येतं. गुठळी झाली की वर बायोडेंटिन नावाचं दातांचं सिमेंट, त्यावर फिलिंग. पोट्टा एकदाच आई गं म्हणाला.

खोटी आशा पण दाखवली नाही. आत जे भरतं ती बहुतेक वेळा अस्सल नस नसते, सिमेंटम (मुळावरच्या थरासारखं) नाहीतर हाडासारखं काहीतरी असतं, मूळ लांब होईलच याची गॅरंटी नाही, हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. सहा महिन्यांच्या एक्सरेत मुळापाशी असलेला काळा डाग लहान झालाय, भिंती जाड होतात का ते वर्ष-दोन वर्षांनी कळेल.

आता रिसेप्शन. वेळ साडेपाचची अन नंबर लागतो सातला, विचारलं तर "बसा ना काका, होऊन राहिलं". पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. पार्किंग नाहीच, धंतोलीत कुठेच नसते म्हणा, ऑटोने या अन पोराला खाऊ घालून आणा.