वेताळ टेकडी: सावली कमी, वाटा भरपूर

पुण्यातल्या वेताळ टेकडीला तिकीट नाही आणि ठरावीक असे एक फाटकही नाही. कोथरूड, गोखलेनगर, पंचवटी, विधी महाविद्यालय रस्ता अशा अनेक अंगांनी वर जाता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीच्या या टेकडीवर रोज एवढी वर्दळ असण्याचे कारण माझ्या मते हेच आहे. केवळ झाडे पाहण्यासाठी थोडेच लोक येतात. बाकीचे वाट घराजवळून निघते म्हणून येतात आणि पुढे त्यांना टेकडीची सवय लागते. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने डांबरी रस्ता बराच वर पोहोचत असल्यामुळे गुडघ्यांनी बेजार झालेली मंडळी तिकडून येतात, तर खड्या पायवाटांवर धावणारी तरुण मुले अधिक दिसतात.

उणीव सावलीची आहे. वनीकरणात येथे ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळते आणि फिकट गुलाबी फुलांनी लगडते. छायाचित्रे काढणाऱ्यांची त्यामुळे चैन होते, पण एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर वर थांबणे शिक्षाच असते. पावसाळ्यात मात्र रविवारी टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीभोवती गर्दी होते आणि तिच्यामागे वेष्टनांचा कचरा उरतो. मोकळे सोडलेले पाळीव कुत्रे ही माझी जुनी तक्रार आहे. मोर आहेत त्या जागी निदान पट्टा तरी हातात असावा.

तुलनेसाठी वारज्याचे वन पाहावे. उजाड टेकडीवर लोकसहभागातून वाढलेले हे वन 2020 मध्ये शहरांत वने उभारण्याच्या केंद्राच्या नगरवन योजनेसाठी नमुना म्हणून पुढे करण्यात आले. आखलेल्या वाटांमुळे लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना तेथे निश्चिंत वाटते. वेताळ टेकडीवर तसे नाही: तिन्हीसांजेला पायवाटा लवकर ओस पडतात आणि एकट्या आलेल्या स्त्रिया उजेड असतानाच उतरू लागतात. तरीही बालभारती ते पौड फाटा या टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध एप्रिल 2023 मध्ये जे पुणेकर मोर्चात चालले, त्यांत याच पायवाटांवरचे नेहमीचे चेहरे मला दिसले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑक्टोबर निवडावा, पाणी सोबत न्यावे आणि पंचवटीकडून सकाळी साडेसहाला चढावे. त्या वेळी गवत अजून उभे असते.