मोहल्ल्याच्या आठवणी जपायच्या आहेत: कॅमेरा घ्यावा की रेकॉर्डर?

गेल्या महिन्यात नागपूरच्या पाचपावलीतल्या एका लहानशा वाचनालयाची पोरं घरी आली. वर्गणीतून तीस हजार रुपये जमले होते आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रश्न एकच होता, "काका, कॅमेरा घ्यावा का रेकॉर्डर?" चहा होईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवट राहिलं. आमच्या भागात मी हे काम सहा वर्षं करून राहिलो आहे. चाळीसेक मुलाखती झाल्या, त्यातल्या काही हातातून गेल्या त्या कायमच्या. इतवारीत, इंदोऱ्यात, जरीपटक्यात, गड्डीगोदामात कुणी हाच विचार करत असेल तर त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

आधी वयाचा हिशेब मांडा, मग यंत्राचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेलं सात-आठ वर्षांचं पोर आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास बाया जमल्या होत्या. तिथे आईचा पदर धरून गेलेली सहा वर्षांची मुलगी असेलच कुठे, तर नव्वदीला टेकली आहे. जरीपटक्यातल्या सिंधी घरांत फाळणीचा प्रवास स्वतःला आठवतो अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली. एम्प्रेस मिल या कापडगिरणीच्या भोंग्यावर ज्यांचं घर चालायचं, ते कामगारही आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यामुळे कोणती पद्धत जास्त देखणी, हा प्रश्न मागे ठेवावा. कोणत्या पद्धतीनं जास्त माणसांपर्यंत लवकर पोचता येईल आणि ती जास्त मोकळी बोलतील, ते पाहावं.

चेहरा की आवाज

आम्ही सुरुवात कॅमेऱ्यानं केली होती. पहिली मुलाखत माझ्या आत्याची. ती बारा वर्षं गिरणीत कांड्यांवर सूत भरायला जायची. आम्ही येणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, नातसुनेनं खोलीतला पसारा हलवला, भिंतीवर नवा फोटो लावला. कॅमेरा सुरू झाल्यावर आत्या चाळीस मिनिटं बोलली, आणि ते सगळं शाळेतल्या भाषणासारखं होतं. गिरणी मोठी होती, साहेब चांगले होते, आम्ही मेहनत केली. कॅमेरा पिशवीत गेल्यावर तिनं पाय लांब केले. मग पहाटेच्या पाळीला जाताना चार बायका एकमेकींचे हात धरून रुळाच्या कडेनं कशा जायच्या ते सांगितलं. जॉबरला, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, काय द्यावं लागायचं तेही सांगितलं. पोटुशी असताना सातव्या महिन्यापर्यंत तिनं पोट लपवून काम कसं केलं, हेही तेव्हाच निघालं. त्यातलं काहीच नोंदलं गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आत्या गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एकट्या माणसाशी लांब बोलायचं असेल तर आधी नुसता आवाज घ्या. रेकॉर्डर तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला की दहा मिनिटांत माणूस त्याला विसरतो. बाई भाजी निवडता निवडता बोलते. हाताला काम असलं की तोंडाला वाट मिळते. कॅमेऱ्यासमोर भाजी निवडायला कुणी तयार होत नाही, आणि घरच्यांना तर ते मुळीच आवडत नाही.

पैशाचा फरकही मोठा आहे. बरा रेकॉर्डर आठ-दहा हजारांत मिळतो. तेवढेही नसतील तर हातातला फोन आणि हजार-दीड हजाराचा कॉलर माइक पुरतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात असताना जावयाचा कॉल येतो. रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाइलमध्ये करा, एमपीथ्रीमध्ये नको. एमपीथ्री फाइल लहान होते, पण त्यासाठी आवाजातला काही भाग कापला जातो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच वाहिनीवर (मोनो) घेतलं तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. चाळीस माणसं, प्रत्येकाचे दोन तास धरले तर सगळं चाळीसेक जीबीत बसतं. तेच फोनच्या फुल एचडी व्हिडिओत तासाला चार ते आठ जीबी जातात, म्हणजे तीनशे ते साडेसहाशे जीबी. शिवाय त्याच्या प्रती काढायच्या, आणि दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवायच्या. सुरुवातीला सगळे उत्साहात असतात. पाच वर्षांनी हे काम एकाच माणसाच्या अंगावर उरतं, आणि तेव्हा फाइलींचं वजन जाणवतं.

तरी व्हिडिओला पर्याय नाही अशा जागा आहेत. हातांचं काम फक्त आवाजात राहत नाही. मागावर बसलेला कोष्टी (विणकर) धोटा कसा फेकतो, ताण्याला पाजण (खळ) कशी देतात, बांबू आणि कागदातून मारबतीचा मोठा पुतळा कसा उभा राहतो, हे तासभर ऐकूनही कळत नाही आणि पाच मिनिटं पाहिलं की कळतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत निघते, तेव्हा "घेऊन जा गे मारबत" हा पुकारा नुसता ऐकणं वेगळं आणि गर्दीतून उठताना पाहणं वेगळं. दुसरी जागा म्हणजे चालत चालत घेतलेली मुलाखत. एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे. तिथे जुन्या कामगाराला घेऊन उभे राहा. तो बोटानं दाखवतो, "इथं फाटक, इथं पगाराची खिडकी." त्या बोटासाठी कॅमेरा हवाच. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली. तिच्यातून दूध आणि भाजी आणणाऱ्या माणसांना स्टेशनवर नेऊन बोलतं केलं, तर घरी न आठवलेली दहा नावं तिथे आठवतात.

म्हणजे क्रम असा: पहिली बैठक आवाजाची, दुसरी आवाजाची, आणि ओळख मुरल्यावर तिसरी कॅमेऱ्याची, वीस मिनिटांची. उलट क्रमानं गेलात तर आमच्या आत्यासारखं होईल.

एक गोष्ट नागपूरचीच. बाहेरच्या शिबिरात ही कुणी सांगणार नाही. मे महिन्यात काम काढू नका. इथे ४५ अंशांत प्रत्येक घरात कूलर चालतो आणि त्याचा घरघराट रेकॉर्डिंगवर असा बसतो की म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाज त्याखाली जातो. कूलर बंद करा म्हणणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं. आमच्या पहिल्या उन्हाळ्यातल्या पाच मुलाखती आज ऐकताना निम्मे शब्द हातून निसटतात. दिवाळीपासून होळीपर्यंतचे महिने यासाठी ठेवा. उन्हाळ्यात घ्यायचीच वेळ आली तर सकाळी सहाला अंगणात.

एकट्याशी बोलायचं की बैठक भरवायची

बैठकीचा मोह फार होतो. एका संध्याकाळी बुद्धविहारात किंवा देवळाच्या ओट्यावर दहा जण जमवले की झालं, असं वाटतं. बैठकीत नकाशा उत्तम निघतो. विहीर कुठे होती, आखाडा कुठे, कुणाच्या हॉटेलात समता सैनिक दलाची पोरं बसायची, कोणत्या गल्लीला आधी काय म्हणायचे. एकानं चुकीचं सांगितलं की दुसरा लगेच दुरुस्त करतो. मोठा कागद पसरून मार्करनं काढायला लावा, दोन तासांत जुना मोहल्ला समोर येतो.

पण बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचाच इतिहास होतो. बायका मान हलवतात. आणि दुरुस्ती नेहमी बरोबर असतेच असं नाही. आमच्या एका बैठकीत एक आजोबा म्हणाले की त्यांनी दीक्षा दुसऱ्या दिवशी घेतली. सगळे त्यांच्यावर तुटून पडले, "बाबाजी, दीक्षा १४ तारखेला झाली, तुमाले आठवत नाही आता." आजोबा गप्प झाले ते उठेपर्यंत. खरं तर उशिरा पोचलेल्या लोकांना १५ ऑक्टोबरला तिथेच दीक्षा दिली गेली होती, आणि बाबासाहेबांचं ते प्रसिद्ध लांब भाषणही १५ तारखेचंच. १६ ला तर चांद्याला (आजच्या चंद्रपुरात) दीक्षा समारंभ झाला. आजोबांना नीट आठवत होतं. मी नंतर त्यांच्या घरी एकटा गेलो. त्यांची बैलगाडी वाटेत मोडली होती आणि रात्र एका शेतात काढावी लागली होती. दोन तास ते त्या रात्रीबद्दल बोलले. बैठकीवर अवलंबून राहिलो असतो तर नोंदीत फक्त "१४ ऑक्टोबर" आलं असतं.

तेव्हा बैठक नकाशासाठी आणि नावांसाठी. आयुष्यासाठी एकेकाच्या घरी जा. दोघांनीच जा, एक विचारणारा आणि एक यंत्र सांभाळणारा. त्या दोघांत एक मुलगी असेल तर आजीबाई लवकर बोलतात.

वहीत लिहून घेणं

यंत्र नकोच, वहीत उतरवू, असंही काही जण म्हणतात. ज्यांना रेकॉर्डिंगची भीती वाटते त्यांच्या बाबतीत हाच एक रस्ता उरतो, आणि त्याला कमी लेखू नये. पण वहीत माणसाचं बोलणं राहत नाही, लिहिणाऱ्याचं राहतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यातल्या ज्या ध्वनिमुद्रित झाल्या त्या आज ऐकताना बाईचा श्वास कुठे तुटतो तेही कळतं. कागदावरच्या ओवीत ते येत नाही.

वही आणि रेकॉर्डर यांत निवड करण्यापेक्षा रेकॉर्डिंग झाल्यावर ते कागदावर उतरवायचं की नाही, हा खरा निर्णय आहे. उतरवाच. न उतरवलेली दोन तासांची फाइल कुणी उघडत नाही. मात्र वेळेचा अंदाज घ्या: आम्हाला एक तास उतरवायला सहा तास लागतात. ऐंशी तासांचे ४८० तास होतात. दोघांनी रोज दोन-दोन तास बसायचं ठरवलं तरी चार महिने. इथेच बहुतेक उपक्रम थांबतात, म्हणून जमलेल्या पैशांतला एक हिस्सा उतरवणाऱ्याच्या मानधनासाठी आधीच बाजूला काढा.

संगणकाकडून उतरवून घेण्याची सोय आता आहे आणि पहिल्या कच्च्या प्रतीसाठी ती उपयोगी पडते. पण आपली बोली तिला झेपत नाही. "मी जाऊन राह्यलो होतो"चं ती "मी जात होतो" करते. अर्ध्या वाक्यात हिंदी आली की गोंधळते, आणि नागपुरात ती येणारच. शिकलेली पोरंही हेच करतात, आदरापोटी. आजी "काहून" म्हणाली असेल तर "का" लिहू नका. आजीचं वाक्य सुधारलं की आजी त्यातून उठून जाते. कोष्ट्यांचे, गिरणीचे, रेल्वेचे शब्द अडले तर त्याच व्यवसायातल्या माणसाला वाचून दाखवा.

ठेवायचं कुठे

यूट्यूबवर टाकणं म्हणजे जपणं नव्हे. तिथे ऐकायला-पाहायला मिळते ती मूळ फाइल नसते, दाबून लहान केलेली असते. मूळ फाइलींच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या घरी, आणि तिसरी एखाद्या संस्थेत. विद्यापीठाचं ग्रंथालय असो किंवा जुनी साहित्य संस्था, आधी जाऊन भेटा आणि काय अटींवर ठेवतील ते लेखी घ्या. घरच्या डिस्कवर ताबा तुमचा असतो, पण तुमच्यानंतर कोण, हे सांगता येत नाही. संस्थेत टिकण्याची शक्यता जास्त, पण वस्तीच्या पोराला तिथे शिरायला ओळखपत्र मागतात. मी दोन्हीकडे ठेवतो.

संमतीपत्राला घाई करू नका. ते मराठीत असावं, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवावं. "सगळ्यांना ऐकवा", "नाव लपवा", "माझ्यानंतर ऐकवा", "घरच्यांपुरतंच ठेवा" असे वेगळे रकाने ठेवा. मुलाखत संपल्यावर सही घ्या, कारण आपण काय बोलून गेलो हे त्यांना तेव्हाच कळलेलं असतं. संपात कोण फुटला, कुणी कुणाला पाणी नाकारलं, हे नावानिशी बाहेर पडतं आणि ती घरं आजही शेजारीच राहतात. आमच्याकडे अशा सात मुलाखती कुलपात आहेत.

पाचपावलीच्या पोरांच्या तीस हजारांचं मी असं करीन: दहा हजारांचा रेकॉर्डर आणि माइक, दहा-बारा हजारांत दोन डिस्क, उरलेले उतरवणाऱ्याला. व्हिडिओसाठी कुणाचाही चांगला फोन चालेल. यादी वयानुसार लावू नका, प्रकृतीनुसार लावा. ज्यांचा आवाज सगळ्यात क्षीण झाला आहे त्यांच्याकडे आधी. आणि पहिलाच प्रश्न "तुमचा जन्म कधी झाला" हा नको, त्यावर माणूस सरकारी कागदासारखं उत्तर देतो. आम्ही विचारतो, "या घरात आधी चूल कोणत्या कोपऱ्यात होती?" मग माणूस उठून तो कोपरा दाखवायला जातो. रेकॉर्डर तेव्हा सुरू असू द्या.